गृहपाठ कोणाचा?

अकरावीला विज्ञान शाखेत गेलेले मूल भौतिकशास्त्राचे, रसायनशास्त्राचे किंवा गणिताचे एखादे अडलेले उदाहरण घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे उभे राहते, तेव्हा पेडणे-डिचोलीच्या बहुतेक सुशिक्षित घरांतून त्याला एकच उत्तर मिळते : 'ट्यूशनला विचार.' हे उत्तर देणारे अडाणी नसतात. त्यांत पदवीधर असतात, निवृत्त अभियंते असतात, खाणीच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेले रसायनतज्ज्ञ असतात, बँकेतले ताळेबंद बिनचूक जुळवणारे हिशेबनीस असतात. इतके ज्ञान घरात असून मूल रिकाम्या हाताने परतते. याला कोणी विनय म्हणतात. आमच्या मते ही जबाबदारीची टाळाटाळ आहे आणि मराठीच्या अभिमानाशी ती सर्वस्वी विसंगत आहे.

या टाळाटाळीचे नेहमीचे समर्थन असे की, मुलाचे पुस्तक इंग्रजीत आणि आपले बोलणे मराठीत, तेव्हा सांगायचे कसे? या समर्थनामागे इतिहास आहे. १९६१च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि ज्या घरांत अक्षर पोचले नव्हते तेथे ते पोचले. परंतु पाचवीपासून माध्यम बदलते व बहुतेक शाळांतून इंग्रजीचे राज्य सुरू होते. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणी माध्यमापुरते ठरवले गेले, २०११ साली ते इंग्रजीलाही खुले झाले. या दोन्ही निर्णयांवरून गोव्यात रान उठले. मराठीप्रेमी मंडळींनी सभा घेतल्या, पत्रके काढली, ठराव केले. ते सर्व योग्यच होते. पण तो सगळा लढा चौथीच्या वर्गापाशी थांबतो. पाचवीच्या उंबरठ्यावर गणित आणि विज्ञान मराठी घरातून निरोप घेतात, याबद्दल कोणत्या संमेलनात ठराव झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मराठी उरली ती कीर्तनाला, नाटकाला, गणपतीच्या आरतीला आणि संमेलनाच्या मांडवाला. जी भाषा घरात विचार करण्यासाठी वापरली जात नाही, ती केवळ मिरवण्यासाठी किती काळ टिकेल?

मराठीतून विज्ञान सांगता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच तालुक्यांत डोळे उघडे ठेवून फिरावे. नदी ओलांडणाऱ्या नौकेचे उदाहरण अकरावीच्या भौतिकशास्त्रात हमखास असते आणि मुले ते सूत्र पाठ करून सोडवतात. केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट पेडण्याच्या किती मुलांनी पाहिली आहे! पाण्याला ओढ असली की बोट समोरच्या धक्क्याकडे सरळ रोखून चालत नाही. तिचे नाक प्रवाहाच्या उलट अंगाला थोडे तिरके धरावे लागते, तेव्हा ती समोर पोचते. बोटीचा वेग एक, पाण्याचा वेग दुसरा, आणि दोहोंची दिशेसह बेरीज म्हणजे प्रत्यक्ष मार्ग. इतके सांगितल्यावर पुस्तकातले बाण मुलाला आपोआप कळू लागतात.

रसायनशास्त्राचेही तेच. डिचोलीच्या मुलाला लोहखनिज निराळे दाखवावे लागत नाही. ज्या खनिजाला हेमॅटाइट म्हणतात, त्याच्या रेणूत लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. लोहाचा अणुभार ५६ व ऑक्सिजनचा १६ धरला, तर एकूण भार १६० आणि त्यात लोह ११२, म्हणजे शेकडा ७०. मग मूल विचारील की, आपल्याकडच्या खनिजात प्रत्यक्षात लोह एवढे का नसते? खाणीवर काम केलेला कोणताही माणूस सांगेल की, त्यात वाळूची सिलिका असते, ॲल्युमिना असते. २०१६ साली केंद्र शासनाने ५८ टक्क्यांहून कमी लोहाच्या खनिजावरील निर्यातशुल्क काढले, तेव्हा याच टक्केवारीवर व्यापाराची गणिते अवलंबून होती. २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्याची झळ ज्या घरांनी सोसली, त्या घरातील मुलाला टक्केवारीचे उदाहरण परके का वाटावे?

आणि गणित? समजा, नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या दीपस्तंभाची उंची काढायची आहे. एक मीटरची काठी उन्हात उभी करावी आणि तिची सावली मोजावी. ती अर्धा मीटर भरली, तर त्याच घटकेला स्तंभाची उंचीही त्याच्या सावलीच्या दुप्पट असली पाहिजे. त्रिकोणमितीचा प्रारंभ येथेच होतो. ज्यांचे बालपण पावकी, निमकी, पाऊणकी म्हणण्यात गेले, त्यांना हे समजावण्यास इंग्रजीची अडचण कशी येते, हे आम्हांस उमगत नाही.

मराठीला हे काम नवे नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले हे सर्वांस ठाऊक असते. त्यांनी 'शून्यलब्धी' हा कलनगणितावरचा ग्रंथही मराठीत लिहिला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. टिळकांचे गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणिताची कोष्टके मराठीत रचली. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. आणि आपल्या शेजारच्या माशेल गावी १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. पुढे माध्यमिक शाळेत भावे सरांनी बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद पेटवून दाखवला आणि त्या क्षणाने आपल्या जीवनाला दिशा दिली, असे ते वारंवार सांगत आले आहेत.

यावर आक्षेप येईल तो परिभाषेचा. 'संवेग', 'त्वरण', 'संयुजा' हे शब्द मुलाने कधी ऐकलेले नसतात, ते लादून काय साधणार? आमचा त्यासाठी मुळीच आग्रह नाही. मुलाला परीक्षेत 'मोमेंटम' लिहायचे आहे, तर त्याने तेच म्हणावे. संज्ञा पुस्तकाची राहू द्यावी, उकल मात्र घरच्या भाषेत व्हावी. ती भाषा मराठी की कोंकणी, की पेडण्याची आपली बोली, हा वादही येथे उकरून काढू नये. मूल ज्या बोलीत शंका विचारते, त्याच बोलीत उत्तर मिळाले म्हणजे पुरे.

शिकवणीवर्गांवर आमचा सरसकट राग नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवण्यांची मनाई केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांत प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. शासकीय सेवेत हयात घालवल्यामुळे आम्ही एवढे निश्चित सांगू शकतो की, परिपत्रकाने गरज मिटत नाही. मुलाला मदत हवी असते आणि ती कुठे तरी शोधावीच लागते. आता तर मोबाईलवर प्रश्नाचे छायाचित्र टाकले की क्षणात उत्तर हजर होते. परंतु आयते उत्तर ही मदत नव्हे. 'तू कुठे अडलास? ही पायरी का घेतलीस?' असे विचारून, मुलाच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत धीर धरणारे माणूस त्याला हवे असते. गृहपाठ मुलाचाच, तो त्यानेच करावयाचा. त्याच्यापाशी बसणे मात्र थोरांचे काम आहे.

१९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून. परक्या सत्तेखाली, तुटपुंज्या मिळकतीत, त्या पिढीला मुलांच्या शिक्षणासाठी मूठ रिकामी करता आली. आज तांदळाची वाण नाही, निवृत्तिवेतनही वेळेवर मिळते आणि वेळ तर मुबलक आहे. आमची मागणी एवढीच की, प्रत्येक साहित्य मंडळाने व वाचनालयाने येत्या शैक्षणिक वर्षापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी आपले सभागृह अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे, आणि गावातील निवृत्त अभियंते, रसायनतज्ज्ञ, शिक्षक यांनी तेथे विनामूल्य बसावे. फळा, खडू आणि चार बाके यांपलीकडे खर्च नाही. ज्या मंडळाला व्याख्यानमालेसाठी वक्ता मुंबई-पुण्याहून आणणे परवडते, त्याला हे परवडणार नाही, असे कोणी म्हणू नये.