शब्दांविना निषेध: ठोक्यांवरची बंदी आणि ‘फ्लटर’

1994 साली ब्रिटिश सरकारने उघड्यावरचे रात्रभराचे नृत्यमेळावे उधळण्याचा अधिकार पोलिसांना देणारा कायदा आणला. त्यात ‘पुनरावृत्त ठोक्यां’चे संगीत असा स्पष्ट उल्लेख होता. ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक जोडीने उत्तरादाखल ‘अँटी’ ही तबकडी काढली. तिच्यातील ‘फ्लटर’ या रचनेत ठोक्यांचे एकही आवर्तन दुसऱ्यासारखे नाही. नफा लिबर्टी या नागरी हक्क संघटनेसाठी होता.

शब्दच नाहीत, मग वेष्टनावरचा मजकूर न वाचणाऱ्याला निषेध कळणार कसा, हा श्रोत्यांमधला जुना वाद. आक्षेप खरा आहे. कायदाही थांबला नाही. तरीही आम्ही ‘फ्लटर’च्या बाजूने आहोत. कोणाचे संगीत गोंगाट ठरवायचे, हे सत्ता व्याख्येतून ठरवते. कलमाचा शब्दन् शब्द वाचून त्यातला पोकळपणा उघडा पाडणे, हीसुद्धा चळवळच!