बातमी पाठवणाऱ्याचे नाव

२५ ऑगस्ट २०२५ रोजी दक्षिण गाझातील खान युनिस येथे नासिर रुग्णालयावर इस्रायलने मारा केला. रॉयटर्ससाठी काम करणारे कॅमेरामन हुसाम अल-मसरी त्या वेळी रुग्णालयातून थेट दृश्ये पाठवत होते. ते जागीच ठार झाले, प्रक्षेपण तुटले. मदतीला आणि चित्रण करायला माणसे धावली, तोच दुसरा मारा झाला. रुग्णालयावरील या माऱ्यांत पाच पत्रकार मारले गेले. असोसिएटेड प्रेससाठी काम केलेल्या मरियम अबू दग्गा त्यांपैकी एक.

ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. जायचे तर लष्कराबरोबर, लष्कर दाखवेल तेवढेच पाहायला. परदेशी पत्रकारांच्या संघटनेने इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे बातमीचा सारा भार स्थानिक पत्रकारांवर आला. जुलै २०२५ मध्ये एएफपी, एपी, बीबीसी आणि रॉयटर्स यांना संयुक्त निवेदन काढून सांगावे लागले, की गाझातील आमच्या सहकाऱ्यांना स्वतःचे आणि कुटुंबाचे पोट भरणेही कठीण झाले आहे.

मराठी दैनिकांचे बातमीदार तिथे नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण त्या सहकाऱ्यांची कॉपी आपल्या डेस्कवर येते, तेव्हा आपण तिचे काय करतो? पान सोडायची वेळ झालेली असते. बातमी भाषांतरित होते, वर ‘वृत्तसंस्था’ लागते आणि बातमीदाराचे नाव गळते. लष्कराच्या गाडीतून पाहिलेले आणि तंबूत राहून टिपलेले, दोन्ही एकाच तोंडवळ्याने छापले जाते.

बातमी खालून कापण्याची आपली सवय तर इथे फार घातक ठरते. १० ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहरात अल-शिफा रुग्णालयाजवळच्या पत्रकारांच्या तंबूवर हल्ला करून इस्रायलने अल जझीराचे अनस अल-शरीफ यांना ठार केले. ते हमासचे असल्याचा दावा लष्कराने केला. हा आरोप त्यांनी आणि त्यांच्या वाहिनीने आधीच फेटाळला होता. त्यांच्या जिवाला धोका असल्याचा इशारा ‘कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स’ने जुलैमध्येच दिला होता. दावा मथळ्यात आणि इन्कार शेवटच्या परिच्छेदात असेल, तर जागा कमी पडताच इन्कार कापला जातो. मेलेल्या सहकाऱ्यावर आरोप तेवढा उरतो.

घटनास्थळी बातमीदार नसला की काय होते, हे मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात आपणही पाहिले. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या ‘बातम्या’ काही वाहिन्यांनी स्टुडिओतून दिल्या होत्या.

आमचे मागणे डेस्कप्रमुखांकडे आहे. युद्धाच्या बातमीत बातमीदाराचे नाव आणि ठिकाण ठेवा. सुरक्षिततेसाठी वृत्तसंस्थेनेच नाव झाकले असेल, तर ते झाकलेलेच राहू द्या. बातमीदार लष्कराबरोबर गेला असेल, तर पहिल्या परिच्छेदात तसे लिहा. आरोप आणि इन्कार एकाच वाक्यात बांधा, म्हणजे कात्री चालली तरी दोन्ही एकत्र राहतील. छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव द्या. त्यासाठी एक ओळ कमी पडत असेल, तर मथळा एका ओळीने लहान करा.