भरमार बंदूक आणि धानाची राखण

बाहेरगावाहून अहेरीस आलेल्या प्राध्यापकांना ‘भरमार’ हा शब्द बहुधा वर्तमानपत्रांतूनच ठाऊक होतो. नक्षलवाद्यांकडून हस्तगत झालेल्या शस्त्रांच्या यादीत तो हमखास असतो. परंतु हीच ठासणीची बंदूक धानाच्या बांधावर राखणीलाही उभी राहिलेली आहे. तिच्या या बाजूविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

भरमारीला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे आणि टोपी बसवून घोडा ओढायचा. अमेरिकेत 1873 च्या विंचेस्टरसारख्या, खालची दांडी ओढून चालवायच्या जुन्या रायफलींचे शौकीन आजही आहेत. जुन्या मापाची काडतुसे महाग पडतात, म्हणून ते झाडलेल्या काडतुसाचे पितळी नळकांडे जपून ठेवतात आणि त्यात नवी टोपी, दारू व गोळी घरीच भरतात. आमच्याकडे बंदुकीची नळी हेच नळकांडे! तिकडे तो छंद, इकडे गरिबीचा हिशेब.

हा हिशेब कायद्यानेही ओळखला होता. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. सरकारी आयुध कारखान्यांत बनणारी .315 बोअरची रायफल आमच्या बांधावरच्या माणसाला परवडणारीही नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याला आली ती भरमार.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. जंगल राहिले तरच आपण राहू, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. पण उभ्या पिकात शिरलेले रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. डुक्कर रात्री येते, आणि कचेरी सकाळी उघडते! म्हणजे एका कायद्याने हातात बंदूक दिली, दुसऱ्याने ती झाडण्यावर बंधन घातले. शिवाय निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याची रीत आहे. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला झाले, म्हणजे ऐन धान कापणीच्या दिवसांत.

आमच्या घरी आजोबांच्या नावाची अशी एक भरमार होती. बाबा म्हणतात, “एकवीस पूर्ण झाले की परवान्यासाठी तू अर्ज कर.” कायद्याने एकविसाव्या वर्षाआधी परवाना मिळत नाही, म्हणून मला अजून दोन वर्षे आहेत. माझे मत मात्र ठरले आहे. अशी बंदूक मला नको.

मित्र म्हणतात, “निदान आवाज तरी होतो ना?” आवाज डब्यानेही होतो, आणि डब्याला परवाना लागत नाही. रात्री बंदूक घेऊन चालणाऱ्या माणसाकडे मात्र वनरक्षक, पोलीस आणि जंगलातले दादालोक असे तिघेही संशयाने पाहतात. शिवाय 2021 पासून छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात येऊ लागला आहे. त्याच्यापुढे छर्रे घेऊन कोण उभा राहणार?

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे असे आपण म्हणतो. पीक राखण्याच्या बाबतीत शासनाने नेमके हेच केले. वन्यप्राणी साऱ्या देशाची संपत्ती आहेत, मग त्यांनी खाल्लेल्या धानाचा भार एकट्या शेतकऱ्यावर का? पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीपूर्वी हाती पडावी, आणि गावाच्या शिवाराला सामुदायिक कुंपण मिळावे. परवान्यापेक्षा या मागण्या मोठ्या आहेत.

यात आपणा विद्यार्थ्यांचे कामही आहे. नुकसानीचा अर्ज मुदतीत न गेल्याने कितीतरी शेतकरी भरपाईला मुकतात. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आजोबांना नेम धरता येत होता, मला अर्ज लिहिता येतो. मित्रहो, यंदाच्या हंगामात आपापल्या गावातले असे अर्ज आपण लिहून दिले, तर बांधावर जागणाऱ्या माणसाला आपल्या शिक्षणाचा खरा आधार वाटेल.