परळची केस सिंधुदुर्गानेही पाहावी



एमडी झाल्यावर आणखी तीन वर्षे डीएम केले, की मूत्रपिंडविकारतज्ज्ञ तयार होतो. मुंबईत परळच्या केईएम किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्याला या काळात रुग्णांची वानवा कधीच नसते. पण परळमध्ये उलगडलेली अवघड केस मुंबई सेंट्रलच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतेच असे नाही, मग जिल्ह्यात डायलिसिस सांभाळणाऱ्या डॉक्टरची काय कथा! सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतल्या या विद्यार्थ्यांची, जिल्हा रुग्णालयांना सोबत घेऊन, दर आठवड्याला एक सामायिक ऑनलाइन केस-चर्चा व्हावी आणि तो वेळ ड्युटीत धरावा, असे मला वाटते.

हिंदमाता-लालबागला पाणी तुंबले की आठवड्या-दोन आठवड्यांत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण दिसू लागतात. मूत्रपिंड निकामी झाले की लघवी आटते, पोटॅशियम चढते, हे पुस्तकी गणित. लेप्टोने मूत्रपिंड निकामी झाले तर मात्र कित्येकदा लघवी भरपूर आणि पोटॅशियम घसरलेले असते. पोटॅशियम चढलेलेच असणार असे गृहीत धरणारा नवखा डॉक्टर इथे फसतो. हीच गोष्ट बरोबरीच्या सहकाऱ्याने रिपोर्टमधल्या आकड्यांसह सांगितली, की डोक्यात पक्की बसते. लेप्टो सिंधुदुर्गालाही नवा नाही. शिवाय घोणस चावलेला रुग्ण तिथला डॉक्टर पहिल्या काही तासांत पाहतो. परळला तो बहुधा डायलिसिसची वेळ आल्यावरच येतो. तेव्हा शिकवायचे मुंबईने आणि ऐकायचे जिल्ह्याने, हा समज सोडलेला बरा. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगापुढे मांडला तो महाडमधून.

अशा चर्चेने रुग्णाचे भले होते का? अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. गावोगावचे डॉक्टर पडद्यावर जमून तज्ज्ञांशी आणि एकमेकांशी हिपॅटायटिस सीच्या केसची चर्चा करत. २०११ साली निष्कर्ष छापून आले: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्णांचा विषाणू गेला, या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. आजार वेगळा आहे हे खरे, पण शिकण्याची रीत तीच. आणि इतक्या लांब जायलाही नको. केईएमच्या शेजारच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये कर्करोगाच्या अवघड केसवर ऑनलाइन ट्यूमर बोर्ड भरतोच.

खाटेजवळचे शिक्षण पडद्यावर कसे मिळेल, असा आक्षेप येईल. नाहीच मिळणार. पायाची सूज बोटाने दाबून पाहणे, डायलिसिसच्या फिस्टुलावर हात ठेवून थरथर ओळखणे वॉर्डातच शिकावे. पडद्यावर शिकायचा तो निदानामागचा विचार. रुग्णाच्या गोपनीयतेची काळजी रास्त आहे. पण रिपोर्टांचे फोटो आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच. नाव-नंबर काढून, जबाबदार प्राध्यापकाच्या देखरेखीखाली झालेली चर्चा त्याहून कितीतरी सुरक्षित. ठामपणे चुकीचे बोलणाऱ्यालाही तेच प्राध्यापक आवरतील. सगळ्यात वजनदार आक्षेप निवासी डॉक्टरांच्या थकव्याचा आहे. रात्रपाळी संपवून आलेल्याला 'ऐच्छिक' म्हणून संध्याकाळी बसवायचे असेल, तर हा उपक्रम न केलेलाच बरा.

याला नव्या इमारतीची गरज नाही, मोठ्या निधीचीही नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि महापालिकेने येत्या पावसाळ्याआधी वार व वेळ ठरवून तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

– एक वाचक, लालबाग