पिंजऱ्याचें दार कोणीं उघडें ठेविलें?

मागील पावसाळ्यांत एके सकाळीं आमच्या घरांतील हॅम्स्टरचा पिंजरा रिकामा आढळला. दार अर्धवट वर सरकलेलें होतें. पिंजऱ्याची व्यवस्था माझ्या दहा वर्षांच्या कन्येकडे असल्यामुळें दोषी कोण हें ठरविण्यास मला क्षणाचाहि विलंब लागला नाहीं. "बाबा, मीं दार लावलें होतें," असें ती रडतरडत सांगत राहिली. दार आपोआप कसें उघडेल, हा माझा प्रश्न मला त्या वेळीं बिनतोड वाटला. (मनुष्य रागावला म्हणजे त्यास आपले सर्वच प्रश्न बिनतोड वाटतात.)

तिसऱ्या रात्रीं तो प्राणी धान्याच्या डब्यांमागें सांपडला. मीं स्वतःच्या हातानें दार लावलें आणि मंद दिवा ठेवून जवळच बसून राहिलों. मध्यरात्र उलटल्यावर तो बाहेर आला, दाराच्या खालच्या काठाशीं त्यानें नाक खुपसलें, दार बोटभर उचललें, आणि त्या फटींत डोकें घालून खांद्यांनीं तें वर सारलें. सगळा व्यवहार एका मिनिटाच्या आंत आटोपला. सकाळीं मुलीची क्षमा मागणें मला प्राप्त झालें. परंतु तीन दिवस तिनें जें सोसलें तें कांहीं त्यामुळें परत गेलें नाहीं.

तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे कीं, हॅम्स्टर पळाला असतां मुलास जाब विचारण्यापूर्वीं पिंजऱ्यास विचारावा, आणि पिंजऱ्याच्याहि आधीं तो विकत आणणारास. आमच्या घरीं तो मीच आणिला होता. दिसावयास सुबक व किंमतीनें स्वस्त, एवढेंच पाहून.

या प्राण्याची पळून जाण्याची ख्याति आजची नव्हे. जेरुसलेम येथील हिब्रू विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनीं १९३० सालीं सिरियांतील हलब शहराजवळ शेतांतील बीळ खणून एक मादी व तिचीं पिलें मिळविलीं. आज घरोघर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅम्स्टरांपैकीं बहुतेकांचा वंश त्या एका विणीपर्यंत जाऊन पोंचतो. पण जेरुसलेमला आणल्यावर त्या मोजक्या पिलांपैकीं कांहीं लाकडी पिंजरा कुरतडून निसटलीं व तीं जगलीं नाहींत. उरलेल्या थोड्यांवर सगळ्या वंशाचा भार पडला. तेथें पाळणारे शास्त्रज्ञ होते. कोणा मुलीनें दार उघडें टाकिलें नव्हतें. चूक झाली ती इतकीच कीं, ज्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात त्यास लाकडाच्या घरांत ठेविलें.

तेव्हां पिंजरा घेतांना काय पाहावें? ज्या फटींतून हॅम्स्टरचें डोकें जातें तींतून बहुधा त्याचें सबंध शरीरहि जातें. म्हणून सोनेरी जातीसाठीं गजांमधील अंतर १ सेंटिमीटरहून फारसें अधिक नसावें. बुटक्या जातींसाठीं तें अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असावें. दार वर सरकणारें असल्यास त्यास कागद धरण्याचा लोखंडी चिमटा लावावा. चार रुपयांची ही वस्तु माझ्या घरचा तंटा टाळती. कांचेची पेटी वापरणारांनीं जाळीचें झांकण घट्ट बसवावें, आणि आंतील खेळण्याचें घर झांकणाच्या नेमकें खालीं ठेवूं नये, कारण तें त्याचा जिना होतें.

आतां कांहीं गृहस्थ म्हणतील कीं, पिंजरा पक्का केला म्हणजे काम संपलें. मला हें मान्य नाहीं. रात्रभर गज चावीत बसणारा हॅम्स्टर खोडकर आहे असें आपण समजतों, व त्याच्या चिकाटीचें कौतुकहि करितों. वस्तुतः तो रानांत जमिनीखालीं खोल बीळ करून राहणारा आणि रात्रीं दूरवर हिंडणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं हॅम्स्टरांस १० सेंटिमीटर, कांहींस ४० व कांहींस ८० सेंटिमीटर खोलीचा भुसा दिला होता. ज्यांस १० सेंटिमीटरच मिळाला ते इतरांहून अधिक गज चावीत. आमच्या पिंजऱ्यांत तर दोन बोटें भुसा होता! खणावयास जागा नाहीं, धावावयास नीट चक्र नाहीं. मग दाराकडे लक्ष गेलें यांत नवल तें काय? धावण्याचें चक्रहि सोनेरी जातीसाठीं २० सेंटिमीटर व्यासाहून लहान नसावें, व त्याचा पृष्ठभाग सलग असावा. गजांच्या चक्रांत पाय अडकतो. दोन सोनेरी हॅम्स्टर एकत्र तर ठेवूंच नयेत. ते प्राणांतिक भांडतात.

इतकें करूनहि तो निसटलाच, तर प्रथम खोलीचीं दारें लावावीं, मांजर बाहेर काढावें, आणि उंदरांसाठीं ठेविलेलें विष, सांपळा वा चिकट पाट असेल तर तो त्याच क्षणीं उचलावा. रात्रीं भिंतीच्या कडेनें थोडें पीठ पसरावें; पाउलें कोठून उमटलीं यावरून लपण्याची जागा समजते. उंच बादलींत मऊ कपटे व सूर्यफुलाच्या बिया ठेवून बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या रचाव्या. तो बियांच्या वासानें चढून आंत उतरतो व गुळगुळीत भिंतीमुळें परत चढूं शकत नाहीं.

पालकांपैकीं एकानें मला विचारिलें कीं, प्राणी पाळल्यानें मुलांस जबाबदारी यावी, मग दार आपण कां तपासावें? माझें उत्तर असें कीं, दाणा, पाणी व साफसफाई मुलानें अवश्य करावी. परंतु ज्या दाराची करामत मला चाळिशीपर्यंत कळली नाहीं, त्याचा भार मीं दहा वर्षांच्या मुलीवर घालणें अन्यायाचें होतें. हल्लीं आमच्याकडे मीटरभर लांबीची पेटी आहे, तींत वीतभर भुसा आहे, आणि निजण्यापूर्वीं झांकणाचे चिमटे मीं पाहतों. एखादे दिवशीं विसरलों तर कन्या अंथरुणांतूनच हांक मारिते, "बाबा, चिमटे?" आणि मी मुकाट्यानें उठतों.