दफ्तरे आहेत, वाचणारे हवेत

२१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन. या दोहोंच्या मध्ये, २२ फेब्रुवारीला, चाळीस लाखांहूनही कमी लोकवस्तीचा क्रोएशिया आपल्या एका जुन्या लिपीचा दिवस साजरा करतो. २२ फेब्रुवारी १४८३ रोजी ग्लागोलित्सा लिपीतल्या एका प्रार्थनाग्रंथाची छपाई पूर्ण झाली. गुटेनबर्गचे बायबल छापून झाल्याला तेव्हा तीस वर्षेही लोटली नव्हती. तो ग्रंथ नेमका कोणत्या गावी छापला गेला यावर विद्वानांचे आजही एकमत नाही; पण क्रोएशियन भाषकांचे ते पहिले छापील पुस्तक, हे सर्वमान्य आहे. २०१९ मध्ये त्या देशाच्या संसदेने ही तारीख ग्लागोलित्सा दिन म्हणून जाहीर केली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. अशा वेळी या छोट्या देशाने आपल्या भाषेसाठी काय केले आणि त्या भाषेच्या अभ्यासात आपल्या मुलांना कोणत्या वाटा खुल्या आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.

ग्लागोलित्सा ही स्लाव्ह भाषांची (रशियन, पोलिश, क्रोएशियन या त्याच कुळातल्या) सर्वांत जुनी लिपी. नवव्या शतकात थेसालोनिकीच्या सिरिल या विद्वान धर्मोपदेशकाने ती घडवली, असे मानले जाते. पुढे बहुतेक स्लाव्ह मुलखांत सिरिलिक किंवा लॅटिन लिपीने तिची जागा घेतली. एड्रियाटिक समुद्राच्या क्रोएशियन किनाऱ्यावर आणि बेटांवर मात्र ती शतकानुशतके टिकली. पश्चिम युरोपात सगळीकडे लॅटिनमध्ये प्रार्थना चालत असताना १२४८ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी सेन्य गावच्या बिशपांना स्लाव्ह भाषेत आणि याच लिपीत उपासना करण्याची अनुज्ञा दिली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

या लिपीत केवळ धर्म नव्हता. क्र्क बेटावर, बाश्का गावाजवळच्या एका लहानशा चर्चमध्ये १८५१ साली एक शिलालेख लोकांच्या लक्षात आला. इसवी सन ११०० च्या सुमाराचा हा दगड आज झाग्रेबच्या विज्ञान व कला अकादमीत आहे. झ्वोनिमिर राजाने चर्चला जमीन दान दिल्याची नोंद त्यावर आहे. आपल्याकडच्या दानलेखांसारखाच हा व्यवहाराचा कागद, फक्त दगडावर कोरलेला. आणि 'क्रोएशियन' हे नाव त्याच भाषेत लिहिलेले इतक्या जुन्या काळी तिथे सापडते. १२८८ सालचा विनोदोल कायदाही असाच. शेजारशेजारच्या गावांतल्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून जुने रिवाज लिहून काढले. एखाद्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल वाईट हेतूने पाडला तर किती दंड, इतकी बारीक बाबही त्यात नोंदवली आहे. स्लाव्ह भाषांतल्या जुन्या कायद्यांमध्ये त्याला मानाचे स्थान आहे.

एवढा वारसा असूनही क्रोएशियन भाषेला राजदरबारी जागा मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तिथल्या विधिमंडळाचे कामकाज लॅटिनमध्ये चालत असे. २ मे १८४३ रोजी इव्हान कुकुल्येविच साक्त्सिन्स्की यांनी तिथे पहिल्यांदा क्रोएशियनमध्ये भाषण केले आणि १८४७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. विसाव्या शतकातही तिला आपल्या नावासाठी भांडावे लागले. २०१३ मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि क्रोएशियन ही संघाची चोविसावी अधिकृत भाषा ठरली.

या इतिहासातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे अभिमानाच्या पाठोपाठ उभ्या राहिलेल्या संस्था. ग्लागोलित्सातली हस्तलिखिते वाचणे, संपादणे, त्यांचा शब्दकोश रचणे यासाठी १९५२ मध्ये झाग्रेबला जुन्या स्लाव्ह भाषेची स्वतंत्र संस्था निघाली. परदेशी विद्यार्थ्यांना क्रोएशियन शिकवण्यासाठी झाग्रेब विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विद्याशाखेत 'क्रोआतिकुम' हे केंद्र अनेक दशके चालू आहे. तिथे सत्रभराचे वर्ग भरतात. जगभरच्या स्लाव्ह भाषाभ्यासकांसाठी दुब्रोव्हनिकला उन्हाळी वर्ग होतात. परदेशी विद्यापीठांत क्रोएशियन शिकवायला सरकार अध्यापक पाठवते. शिष्यवृत्त्यांसाठी दोन सरकारांमधले सांस्कृतिक करार आहेत, युरोपीय संघाच्या इरास्मस योजना आहेत. पोलंड, चेक प्रजासत्ताक, बल्गेरिया यांनीही आपापल्या भाषांसाठी अशी दारे उघडी ठेवली आहेत. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या स्लाव्ह व फिनो-उग्रियन अभ्यास विभागात रशियनखेरीज या कुळातल्या इतर भाषाही शिकता येतात.

मग या दारातून आपली किती मुले आत जातात? फार थोडी. 'ती भाषा शिकून करायचे काय?' हा प्रश्न घरात, महाविद्यालयात आणि विभागप्रमुखांच्या खोलीतही विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. पावसाळा त्याने तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही परत देईन आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडा जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडून वसूल करीन, असे बजावून चार दिवसांची मुदत दिली. शेवटी खुरासानच्या एका माणसाने रदबदली केली आणि निकितिनची सुटका झाली. बहमनी काळातल्या जुन्नरचे इतके जवळून केलेले हे वर्णन जुन्या रशियनमध्ये आहे, मधूनमधून तुर्की-फारसी वाक्ये पेरलेली. आपण ते बहुधा इंग्रजीतून वाचतो.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, आसपासच्या लोकांशी येणे-जाणे होते. त्यांनी मागे ठेवलेल्या आठवणी आणि कागद मुख्यतः पोलिशमध्ये. वळिवडेचा पूर्ण इतिहास लिहायचा तर पोलिश आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच माणसाला यायला हव्यात. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियात गेले, त्यांच्या साहित्याची रशियन भाषांतरे झाली, मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. तिथल्या वाचकाने अण्णाभाऊंना कसे वाचले, हे आपल्याला सांगणार कोण?

क्रोएशियाशी असलेले धागे तर अजून उलगडायचेच आहेत. गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळी इथे सेंट ब्लेझ यांच्या नावाचे जुने चर्च आहे. हे संत म्हणजे दुब्रोव्हनिक नगरीचे पालक. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी या चर्चचा संबंध जोडला जातो. हा संबंध किती भक्कम आहे हे ठरवायचे, तर पणजीच्या पुराभिलेखागारातले पोर्तुगीज कागद आणि दुब्रोव्हनिकच्या अभिलेखागारातली दफ्तरे शेजारी ठेवून वाचायला हवीत. हे काम गोव्याच्या किंवा कोकणच्या एखाद्या मुलीने हाती घेतले, तर तो तिच्या आयुष्याचा विषय होईल.

संस्कृतचा धागा याहून ठळक आहे. फिलिप वेझ्दिन हा ऑस्ट्रियात स्थायिक झालेल्या क्रोएशियन घरातला कार्मेलाइट मिशनरी. १७७६ ते १७८९ ही वर्षे त्याने मलबारात काढली. आधी तिथे काम केलेल्या अर्णोस पाद्रींच्या हस्तलिखितांचा आधार घेत त्याने लिहिलेले संस्कृत व्याकरण १७९० मध्ये रोमला प्रसिद्ध झाले. युरोपात छापलेले ते पहिले संस्कृत व्याकरण. जून २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी झाग्रेबला गेले तेव्हा याच ग्रंथाची नवी प्रत त्यांना भेट मिळाली आणि झाग्रेब विद्यापीठातल्या हिंदी अध्यासनाचा करारही पुढे चालू राहिला. त्या विद्यापीठातला भारतविद्या विभाग रादोस्लाव्ह कातिचिच या थोर भाषाशास्त्रज्ञाने घडवला. १९९७ पासून दुब्रोव्हनिकला महाभारत, रामायण आणि पुराणांवर आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. तिथे जमणाऱ्या अभ्यासकांच्या हाताशी असते ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. पुण्याचे काम तिकडे पोहोचले. तिकडचे काम त्यांच्या भाषेतून वाचणारा माणूस मात्र पुण्यात तयार झाला पाहिजे.

मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा यांनी मराठी शिकून पंढरीच्या वारीवर लिहिले. ब्रातिस्लाव्हाचे दुशान देआक यांनी मराठी संतपरंपरेचा अभ्यास केला. स्लाव्ह मुलखातल्या माणसांनी आपल्या भाषेसाठी घेतलेले हे कष्ट आहेत. त्यांची परतफेड अजून आपल्याकडून व्हायची आहे, आणि ती सत्काराच्या शाली देऊन होणार नाही.

मराठी मुलांना या भाषा अवघड जाण्याचे कारण नाही. क्रोएशियनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन. तिच्या सात विभक्ती पाहून इंग्रजीत वाढलेला विद्यार्थी बिचकतो. संस्कृत शिकलेल्या मुलाला त्या नव्या वाटणार नाहीत. क्रिया पूर्ण झाली की चालू आहे यानुसार क्रियापदच बदलते, तिथे मेहनत लागते. पण दोन वर्षे नेटाने अभ्यास केला तर मजकूर वाचण्याइतकी तयारी होते. आज भारतातून कामासाठी क्रोएशियात जाणारे तरुण वाढत आहेत. रशियात, युक्रेनमध्ये, पोलंडमध्ये डॉक्टर व्हायला गेलेली आपली मुले रुग्णांशी बोलण्यापुरती तिथली भाषा शिकतात. त्यांच्यातल्या काहींना पुढे भाषांतराकडे, संशोधनाकडे वळवता येईल.

यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, पुणे आणि मुंबई विद्यापीठांतल्या रशियनच्या अध्यापनाला स्लाव्ह अभ्यासाचे रूप द्यावे. रशियनच्या जोडीने निदान एक पश्चिमेकडची आणि एक दक्षिणेकडची स्लाव्ह भाषा शिकवावी. त्यासाठी अध्यापक पाठवायला ते देश तयार असतात. आपण मागणी करायला हवी. दुसरी, इतिहास आणि संस्कृतच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनासाठी शिकलेल्या परदेशी भाषेचे श्रेयांक मिळावेत. तिसरी शासनाच्या हातात आहे. परदेश शिष्यवृत्ती देताना विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान पाहिले जाते. अभियांत्रिकीसाठी तो निकष चालेल. पण ग्लागोलित्सातले हस्तलिखित वाचायला शिकायचे तर झाग्रेबहून चांगली जागा जगात नाही. भाषा आणि इतिहास या विषयांसाठी ही अट शिथिल झालीच पाहिजे.

या अभ्यासाचा फायदा मराठीलाही आहे. मोडीतली असंख्य कागदपत्रे आपल्या दफ्तरखान्यांत वाचनाची वाट पाहत पडून आहेत. एका मागे पडलेल्या लिपीची हस्तलिखिते कशी जपायची, त्यांच्या सूची कशा करायच्या, ती शाळेपर्यंत कशी न्यायची, हे झाग्रेबमध्ये शिकून आलेला विद्यार्थी पुण्याच्या पेशवे दफ्तरातही उपयोगी पडेल.

२७ फेब्रुवारीला व्यासपीठांवरून मराठीच्या थोरवीची भाषणे होतील. ती जरूर व्हावीत. त्याच दिवशी प्रत्येक विद्यापीठाने भाषा, इतिहास आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांना बोलावून परदेशी भाषांच्या शिष्यवृत्त्यांची माहिती द्यावी आणि त्यांचे अर्ज भरून घ्यावेत. पालकांना आमची विनंती आहे: घरातल्या एखाद्या मुलीने पोलिश किंवा क्रोएशियन शिकायचे म्हटले, तर तिला अडवू नका.