हवेत खड्डा नव्हताच

हवेत खड्डे नसतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढच्या विमानप्रवासात कामाला येईल.

आता गोष्ट ऐका. २६ मे २०१०. एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबई–पुणे विमान, बोइंग ७३७, ऑटोपायलटवर ३७,००० फुटांवरून निवांत चाललेलं. कॅप्टन टॉयलेटला गेला. कॉकपिटमध्ये उरला २५ वर्षांचा सहवैमानिक. त्याने खुर्ची मागेपुढे करायला घेतली आणि समोरचा कंट्रोल कॉलम नकळत पुढे ढकलला गेला. विमानाचं नाक खाली झुकलं, थेट २६ अंशांपर्यंत. पोरगा गांगरला. त्याला विमान सावरेना, आणि दाराशी आलेल्या कॅप्टनला दारही उघडून देता येईना. शेवटी कॅप्टन आपत्कालीन कोड वापरून आत शिरला, जागेवर बसला आणि त्याने विमान सरळ केलं. तोवर सुमारे ७,००० फूट उंची गेली होती. म्हणजे कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त. विमान पुण्यात सुखरूप उतरलं.

आणि शंभरावर प्रवाशांना काय सांगितलं? एअर पॉकेट. हवेचा खड्डा लागला!

चारच दिवसांपूर्वी, २२ मे रोजी, याच कंपनीचं दुबईहून आलेलं विमान मंगळूरला कोसळून १५८ माणसं गेली होती. पुण्याच्या विमानातल्या प्रत्येकाने ती बातमी पाहिलेली असणार. अशा लोकांच्या हातावर खड्ड्याची गोळी ठेवली. खरं काय झालं ते सरकारी तपासातून बाहेर यायला नोव्हेंबर उजाडला.

आता खड्ड्याचा हिशोब करू. हवा वर-खाली वाहते, विमान हादरतं, त्याला टर्ब्युलन्स म्हणतात. तो जीवघेणाही असतो. मे २०२४ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सच्या लंडन–सिंगापूर विमानात पट्टे न बांधलेली माणसं छतावर आदळली, एका प्रवाशाचा जीव गेला. तिथे सर्वांत भयंकर क्षणी उंची किती घटली? साडेचार सेकंदांत १७८ फूट. आपला खड्डा ७,००० फुटांचा! आणि सिंगापूरच्या तपास यंत्रणेने हे प्राथमिक आकडे जगापुढे मांडायला किती दिवस घेतले? आठ. आपण घेतले सहा महिने.

घोडेगावच्या स्टँडवरून भीमाशंकरच्या एसटीत बसा. समजा घाटात गाडी कठड्याला जाऊन टेकली आणि कंडक्टर म्हणाला, "काही नाही, खड्डा होता." गाडीतली म्हातारी तरी ऐकून घेईल का? ती ड्रायव्हरला खाली उतरवून विचारेल, "बाबा, तू काय करत होतास?" आपल्या रस्त्यांवर खड्डे खरोखर असतात, तरी तिथे ही थाप पचत नाही. मग जिथे खड्डा असूच शकत नाही, तिथे ती का पचावी? तिकीट महाग आणि घोषणा इंग्रजीत, म्हणून?

यावर एक शहाणं उत्तर ठरलेलं असतं: खरं सांगितलं असतं तर लोक घाबरले असते. हवेत असताना हे मान्य. त्या क्षणी कॅप्टनचं काम विमान उडवण्याचं, भाषणाचं नव्हे, आणि त्याने ते काम चोख केलं. पण "विमान आता ताब्यात आहे, पट्टे बांधून बसा" एवढं म्हणायला खोटं लागत नाही. आणि लोहगावला चाकं टेकल्यावर घाबरायचं काय उरलं होतं? तेव्हा घाबरवतं ते प्रवाशांचं पुढचं प्रश्न विचारणं.

थापेनंतर येते ती दुसरी पळवाट: सगळं पोरावर ढकलून मोकळं होणं. अहवाल बातम्यांत आला आणि २५ वर्षांचा तो सहवैमानिक चेष्टेचा विषय झाला. पण त्याच तपासात म्हटलं होतं की अशा प्रसंगाचं प्रशिक्षण त्याला मिळालेलंच नव्हतं. मग त्याला त्या खुर्चीत बसवलं कोणी? हे वाचणारे तुम्ही अनेकजण त्याच वयाचे आहात. न शिकवलेल्या कामाचं खापर तुमच्या माथी फुटलं तर कसं वाटेल? खड्डा खोटा आणि बळीचा बकरा सोपा. दोन्हींमध्ये व्यवस्था मात्र नामानिराळी.

खरं सांगितल्याने काय होतं तेही बघा. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये पडून २२८ माणसं गेली. फ्रेंच तपासाने वैमानिकांची शेवटची वाक्यंसुद्धा अहवालात छापली. अशा उघड चिरफाडीतूनच ताबा सुटलेलं विमान कसं सावरायचं, याचं वेगळं प्रशिक्षण जगभर रुजलं.

झाकलं की काय होतं? ८ ऑगस्ट २०१४ ला जेट एअरवेजचं मुंबई–ब्रसेल्स विमान तुर्कस्तानवर सुमारे ५,००० फूट खाली आलं. कॅप्टन विश्रांती घेत होता, सहवैमानिक टॅबलेटवर विमानाची माहिती बघत होती. विमान खाली येतंय हे जमिनीवरच्या तुर्की नियंत्रकाला दिसलं, तेव्हा कॉकपिट जागं झालं. पुन्हा एक कॅप्टन बाजूला, पुन्हा एकटा सहवैमानिक. चार वर्षांपूर्वीचा धडा सगळ्यांनी मोठ्याने वाचला असता तर?

त्याच्या नऊच दिवस आधी, ३० जुलैला, घोडेगावच्याच आंबेगाव तालुक्यात डोंगर खचून माळीण गाडलं गेलं. जगाला ते कळलं एका एसटी ड्रायव्हरमुळे. गाव जागेवर नाही, हे त्याने पाहिलं आणि जसंच्या तसं सांगितलं. लोक घाबरतील म्हणून "रस्ता थोडा खराब आहे" असं तो म्हणाला नाही. त्याच्या सांगण्यावर मदत हलली.

आपल्याला विमान कंपनीकडून तरी याहून जास्त काय हवंय? काय घडलं, ते ज्याला ठाऊक आहे त्याने, त्याच दिवशी, आपल्याला कळेल अशा भाषेत सांगावं. तोवर "एअर पॉकेट" ऐकू आलं की उतरताना एकच विचारा: किती फुटांचा होता?